जुनी गाडी घेताना: वय बघायचं की रनिंग?

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला बसलात की तासाभरात हा पेच समोर येतोच. एक गाडी २०१५ च्या पासिंगची, रनिंग २८ हजार. दुसरी २०१९ ची, रनिंग ८२ हजार. मॉडेल तेच, दोन्ही पेट्रोल, दोन्ही फर्स्ट ओनर, आणि दुसरी पन्नासेक हजारांनी महाग. घरातली मोठी माणसं पहिलीकडे बोट दाखवतात. "अरे, चाललीच कुठेय ती? नवीच समज!"

माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हिसचे कागद पूर्ण असतील तर मी दुसरी घेईन. हे मत प्रत्येक गाडीला लागू होत नाही, आणि कुठे लागू होत नाही तेही पुढे येईलच. पण पहिलीच जुनी गाडी घेणारे बहुतेक जण मीटरवरचा आकडा बघून भाळतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून एकेक गोष्ट क्रमाने तपासू.

आधी खरं वय काढा

जाहिरातीत लिहिलेलं साल पासिंगचं आहे की गाडी बनल्याचं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन्ही असतं: नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूमच्या यार्डात पडून राहून मार्चमध्ये पासिंग झाली, हे सर्रास होतं. पहिल्या मालकाला त्यावर सूट मिळालेली असते. तुम्हाला मात्र ती पुढच्या सालाची म्हणून विकली जाते. दोन-तीन महिन्यांच्या फरकाने बिघडत नाही, आठ-दहा महिन्यांचा असेल तर भावात बोला.

कायद्याच्या हिशेबाने मात्र नोंदणीची तारीखच धरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत फिटनेस करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०१५ ची गाडी आज घेतली तर २०३० मध्ये ही वारी तुमच्या वाट्याला येणार, किंवा त्याआधी ती विकावी लागणार. आणि चौदा वर्षांच्या गाडीला गिऱ्हाईक कोण येतं, काय भाव मागतं, हे एखाद्या डीलरला सहज विचारून बघा.

वयाची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. गाडीत काय बसवायचं याचे नियम सालागणिक बदलत गेले. धुरातल्या प्रदूषणाची मर्यादा ठरवणारी बीएस मानकं घ्या: देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांत या गोष्टी व्हेरियंटवर अवलंबून होत्या. २०१५ च्या बेस मॉडेलमध्ये बऱ्याचदा एअरबॅगही नाही आणि एबीएसही नाही. ही गाडी किती का कमी चाललेली असेना, तिच्यात त्या आपोआप येणार नाहीत. घरची माणसं बसवून हायवेला जायचं असेल, तर २०१९ च्या मध्यावर एक रेघ मारा आणि त्याच्या अलीकडची गाडी शोधा, असं मी सांगतो. पेट्रोलचंही तसंच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या.

मग रनिंगला वर्षांनी भागा

घरगुती पेट्रोल गाडी आपल्याकडे वर्षाला साधारण १० ते १२ हजार किलोमीटर चालते. ८२ हजारांची २०१९ ची गाडी या हिशेबात नीट बसते. २८ हजारांची २०१५ ची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार चालली, म्हणजे महिन्याला अडीचशेच्याही आत. हे अशक्य नाही. पण ती कशी चालली, हे विचारायलाच हवं.

दोन शक्यता असतात. एक, मालक परगावी किंवा परदेशी, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. दोन, रोज दोन किलोमीटर मंडईपर्यंत आणि परत. वाटतं तेवढ्या या दोन्ही चांगल्या नाहीत. उभी गाडी बंद घरासारखी असते, वापर नसला की एकेक गोष्ट कुरकुरायला लागते. बॅटरी बसते, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, एकाच जागी भार पडून टायरना सपाट डाग पडतात. आणि उंदीर! बॉनेट उघडून इन्सुलेशनची गादी कुरतडलेली आहे का, वायरिंगवर नवी काळी टेप गुंडाळलेली आहे का, ते बघा. दोन किलोमीटरवाल्या गाडीचं इंजिन पूर्ण तापतच नाही, त्यामुळे आतला ओलावा उडून न जाता ऑइलमध्ये मिसळत राहतो. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करा. आतून पांढुरका चिकट थर दिसला तर कारण बहुधा हेच. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, गेल्याचंही ते लक्षण असू शकतं, म्हणून मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किलोमीटरने काय झिजतं, काळाने काय

कुठल्याही गाडीचं सर्व्हिस पुस्तक उघडा. १० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, यातलं जे आधी येईल ते, असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. वय की रनिंग या वादात कंपनीने दोन्ही बाजू धरलेल्या आहेत. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक नेमकं हेच विसरतात. "चाललीच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?" म्हणत दोन-दोन वर्षं तेच ऑइल ठेवतात.

किलोमीटरने झिजतात ते क्लच, ब्रेक पॅड, शॉकअॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, आणि इंजिनाचा आतला भाग. शेवटचा मात्र लोकांना वाटतो त्याहून खूप हळू झिजतो. वेळेवर ऑइल बदललेलं आजचं पेट्रोल इंजिन लाखभर किलोमीटरला थकत नाही.

काळाने जातात त्या गोष्टींची यादी लांब आहे. बॅटरी तीन ते पाच वर्षं, चालवा नाहीतर ठेवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. कूलंटचं आयुष्य ठरलेलं असतं. आणि सगळं रबर: इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे होज, दारांची बीडिंग, वायपर. दहा वर्षांच्या गाडीतलं रबर दहा वर्षांचंच असतं, मीटर काही का म्हणेना. टायमिंग बेल्टवाली (इंजिनातल्या भागांचा मेळ पट्ट्याने राखणारी) गाडी असेल तर बेल्टला किलोमीटर आणि वर्षं दोन्हींची मर्यादा असते. चेनवाल्या इंजिनाला हा खर्च नाही. तुम्ही बघताय त्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, एवढं घरून निघण्यापूर्वीच शोधून ठेवा.

टायर जरा वेळ देऊन बघा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आकडे एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर खाली वाकून आतली बाजू बघा. आता नक्षीकडे न बघता बाजूच्या भिंतीवर बोट फिरवा. केसासारख्या बारीक चिरा जाणवल्या तर टायर म्हातारा झालाय. २८ हजार चाललेल्या गाडीवर कंपनीचेच टायर निघतात, नक्षीही अर्धी शिल्लक असते, आणि विकणारा ती अभिमानाने दाखवतो. तेच टायर घेऊन मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर तासन् तास एका वेगाने गेलात तर काय होऊ शकतं, ते वेगळं सांगायला नको. सहा वर्षांवरचे टायर मी बदलायच्याच हिशेबात धरतो. स्टेपनीचाही आकडा बघा. ती बहुधा गाडीइतकीच जुनी असते.

किलोमीटर कुठले आहेत?

सगळे किलोमीटर सारखे नसतात. साधा हिशेब करा. वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी सरासरी १५ च्या वेगाने ५० हजार किलोमीटर कापायला इंजिन ३,३०० तासांहून जास्त चालावं लागतं. तेच ५० हजार पुणे-कोल्हापूर हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने साडेआठशे तासांच्या आत होतात. मीटरवर आकडा एकच, इंजिनाचे तास चौपट. शिवाय शहरातल्या गाडीचा क्लच दर पन्नास फुटांवर दाबला गेलाय, ते वेगळंच. म्हणून मालक काय करतो, कुठे राहतो, कामाला कुठे जायचा, हे गप्पांच्या ओघात काढून घ्या. साताऱ्याहून आठवड्याला मुंबईला जाणाऱ्याची ८२ हजारांची गाडी ही अंधेरी-बीकेसी करणाऱ्याच्या ४० हजारांच्या गाडीपेक्षा आतून तरुण निघू शकते.

क्लच तपासायला मोकळा चढ शोधा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम वर गेले पण गाडीने त्या प्रमाणात वेग घेतला नाही, तर क्लच सुटतोय.

हवामानही बघायचं. रत्नागिरी, मालवण, गोवा, किंवा मुंबईत समुद्राला लागून राहिलेली गाडी खालून गंजते. दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा, सायलेन्सर, आणि डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालचा पत्रा बघा. गंज वयाबरोबर वाढतो, रनिंगशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यामुळे किनाऱ्यावरची दहा वर्षांची 'कमी चाललेली' गाडी मी तरी लांबूनच बघतो. नागपूर-अकोल्याकडच्या गाडीला गंज कमी, पण उन्हाने डॅशबोर्ड आणि हेडलाइटची काच पिवळी पडते, बीडिंग कडक होते. त्यातलं बरंचसं पैशाने दुरुस्त होतं.

पुराचं पाणी शिरलेली गाडी मात्र वय आणि रनिंग कितीही कमी असलं तरी नको. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि अशा गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वर सहसा न येणाऱ्या पट्टीवर चिखलाची रेघ राहिलेली असते. कार्पेट उचलून सीटचे बोल्ट गंजलेत का बघा.

मीटर खरं बोलतंय ना?

डिजिटल मीटर मागे घेणं अवघड आहे असं समजू नका, काही मिनिटांचं काम आहे. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, फक्त रविवारी बाहेर काढायचे" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. ऐकून घ्या आणि क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा. २८ हजारांत पॅडलवरच्या रेघा पुसत नाहीत. स्टीअरिंगवर हात धरायच्या जागी चमक, गिअर नॉबवरचे आकडे पुसट, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड चेपलेली असेल तर मीटरवरचा आकडा विसरा. जुन्या गाडीत फक्त पॅडलची रबरं कोरी असतील तर ती कशासाठी बदलली, हाही प्रश्नच.

यापेक्षा पक्का पुरावा कागदाचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक भेटीचे किलोमीटर गाडीच्या नंबरावर नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन तो रेकॉर्ड काढा. बाहेरच्या गॅरेजला गाडी जात असेल तर जुनी बिलं, बॅटरीचं वॉरंटी कार्ड, टायरचं बिल, ऑइल बदलल्याचा दारावरचा स्टिकर, जे मिळेल ते मागा. तारीख आणि किलोमीटर एका कागदावर उतरवा. आकडे वाढत वाढत जायला हवेत. मध्येच ६१ हजार आणि पुढच्या वर्षी ४४ हजार दिसलं की उठून नमस्कार करा. रेकॉर्ड अमुक सालानंतर अचानक थांबत असेल, तर तिथून पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, गाडी वयाप्रमाणे वर्षाला १२ हजार चालली असं धरून भाव करा.

आणखी एक. तपासायला जाताना आधीच सांगून ठेवा, "गाडी सुरू करू नका, मी येऊन करतो." पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा आवाज आणि धूर तुमच्यापासून लपवला गेलाय.

डिझेल आणि सीएनजीचा हिशेब वेगळा

डिझेल गाडी चालवायलाच घेतात, त्यामुळे तिथे लाखभर रनिंगने दचकायचं कारण नाही. उलट बीएस-६ डिझेल शहरात थोडं-थोडं चाललेलं असेल तर जपून. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून सलग हायवेला चालावी लागते. नाही चालली तर तो तुंबतो, आणि त्याचं काम खर्चिक असतं.

दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्तात दिसली तर कारण ठाऊक असू द्या. राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत विकल्या जातात. गाडी वाईटच असेल असं नाही. पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि इथला नवा नंबर हे सगळं किमतीत मिळवून मगच तुलना करा.

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. प्लेटवर तारीख असते. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. आणि भरपूर रनिंगची सीएनजी सेदान बघताना ती कधी पिवळ्या पाटीची, म्हणजे टॅक्सी, होती का, याची चौकशी जरूर करा.

आता रुपयांत बसवा

वय आणि रनिंग एकमेकांशी थेट तोलता येत नाहीत. दोन्हींना रुपयांत आणलं की येतात. छोट्या हॅचबॅकचे ढोबळ आकडे घेऊ, तुमच्या गॅरेजवाल्याकडून ते नेमके करून घ्या.

२०१५, २८ हजार: चार टायर १८ हजार, बॅटरी ५ हजार, ऑइल-कूलंट-ब्रेक ऑइल ६ हजार, बुश आणि माउंटिंग १० हजार. एकूण ३९ हजार.

२०१९, ८२ हजार: क्लच १२ हजार, सस्पेन्शनचं काम १२ हजार, ब्रेक पॅड-डिस्क ५ हजार, साधी सर्व्हिस ४ हजार. एकूण ३३ हजार. टायर नुकतेच बदललेले नसतील तर तेही धरा, म्हणजे ५१.

खर्च असा थोडा इकडे, थोडा तिकडे होतो. पन्नास हजार जास्त का मोजायचे, याचं उत्तर पुढच्या पाच वर्षांत आहे. तेव्हा पहिली गाडी नोंदणीच्या नूतनीकरणाला टेकलेली असेल आणि दुसरीला अजून चार वर्षं बाकी असतील. क्लच दुकानात मिळतो, साल मिळत नाही. कर्ज काढणार असाल तर तिथेही वयच आडवं येतं. अनेक बँका कर्ज फिटेपर्यंत गाडी साधारण दहा वर्षांच्या आत असावी असं बघतात, त्यामुळे जुन्या गाडीला मुदत कमी मिळते आणि हप्ता चढतो.

मग २०१५ ची गाडी कधी घ्यावी? तुम्हाला गाडीवर हात बसवायचाय, शहरातच फिरायचंय, तीन-चार वर्षांत विकायचीय, गाडी दरवर्षी न चुकता सर्व्हिसला गेलेली आहे, एअरबॅग आणि एबीएस असलेलं व्हेरियंट आहे, आणि फरक पन्नास हजारांचा नसून लाख-सव्वा लाखाचा आहे. असं असेल तर खुशाल घ्या. उलट दुसऱ्या गाडीचं रनिंग ८२ ऐवजी दीड लाख असतं, तर मीही पहिलीकडे वळलो असतो.

टोकन देण्याआधी आणि नंतर

परिवहन खात्याच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून गाडी कितव्या मालकाकडे आहे ते, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा बघा. चलनंही तपासा, ती विकणाऱ्यानेच भरायची. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही विचारा. टोकन दिलंत तर दोन ओळींची पावती घ्या, आणि तीत मीटरचा त्या दिवशीचा आकडा लिहून घ्या.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "बघू नंतर" म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर राहू नका. विमा तुमच्या नावे व्हावा म्हणून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे विम्याच्या हप्त्यातला फरक तुम्हाला भरावा लागेल. आणि गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, विकणाऱ्याने "कालच केलंय" म्हटलं असलं तरी, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस पुस्तकात लिहून ठेवा.